चितरीचा डावा डोळा

बसा रे बाळांनो, इथं पायरीवर बसा. खुराडं उघडलंय, कोंबड्या परसात पांगल्यात. आता नुसतं चितरीकडे बघा. कणी टिपता टिपता ती मधेच थांबली, मान तिरकी केली. एक डोळा भुईकडे, एक आभाळाकडे. वर वळलेला डोळा कोणता, सांगा पाहू? डावा. बघत राहा, बहुतेक वेळा डावाच असेल. तिच्या डोळ्यांनी कामं वाटून घेतली आहेत. उजवा पोटाची सोय बघतो, डावा जिवाची राखण करतो.

आणि ही वाटणी कुठं झाली, ठाऊक आहे? अंड्यात. कोंबडी २१ दिवस अंडी उबवते. त्यातल्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू आतल्या आत असं वळतं, की त्याचा डावा डोळा त्याच्याच अंगाशी दाबून राहतो आणि उजवा कवचाच्या बाजूला येतो. कवचातून जो मंद उजेड झिरपतो, तो उजव्या डोळ्यालाच मिळतो. तेवढ्या उजेडावर मेंदूच्या दोन बाजू वेगवेगळ्या घडतात. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स या बाईंनी सारा जन्म हेच अभ्यासलं. २००४ साली त्यांनी इटलीतल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला. पिल्लांसमोर दाणे आणि खडे मिसळून टाकले आणि डोक्यावरून ससाण्याची आकृती फिरवली. उजेड मिळालेली पिल्लं दाणेही वेचत होती आणि वरही लक्ष ठेवत होती. अंधारात उबवलेल्या पिल्लांना मात्र दोन्ही कामं एकदम जमेनात, त्यांचा गोंधळ उडाला.

आपली खुडूक कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते ना? तेव्हा अंडी थोडा वेळ उघडी पडतात आणि त्यांच्यावर उजेड येतो. तुम्ही लगेच ती झाकायला धावता. धावू नका. ती येईल परत.

आता चितरीचे पाय बघा. कसे हळदीसारखे पिवळे! कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. माणसानं तो आग्नेय आशियाकडे माणसाळवला. पण त्याच्याकडे हा पिवळा रंग नव्हता. २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली, तेव्हा कळलं की पिवळ्या कातडीचं जनुक बहुधा दुसऱ्याच पाखराकडून आलं आहे. ते पाखरू म्हणजे राखी रानकोंबडा, आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो तो. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या आपल्या डोंगरातल्या पाखराची खूण घेऊन फिरताहेत. मला तर याचा फार अभिमान वाटतो.

दोन्ही रानकोंबडे झुडपांचे रहिवासी. पालापाचोळा उकरायचा, वाळवी-किडे खायचे आणि सावली हलली की जाळीत घुसायचं. चितरीच्या अंगात तेच रान आहे. म्हणून झाडून-सारवून लख्ख केलेलं उघडं खळं तिला धोक्याचं. तिथं दडायचं कुठं? आपण करवंदीची जाळी तोडली नाही, चिऱ्यांवर जुनी बाज आडवी ठेवली, पडवळाचा मांडव खाली उतरता ठेवला, ते सगळं यासाठीच. कोंबडी परसात कुठंही असो, चार उड्यांत आडोसा गाठता आला पाहिजे. घार आणि शिक्रा पिल्लं उचलतात, मोरघार तर भरलेली कोंबडीही नेते. पण वेलांच्या गुंत्यात शिरायला त्या धजावत नाहीत, पंख अडकतात.

आता गप्प बसा आणि आपल्या तांबड्या कोंबड्याचा आवाज ऐका. त्याच्याकडे संकटाचे दोन वेगळे शब्द आहेत. वरून शिकारी पक्षी आला, की तो बारीक, लांब, शिटीसारखा सूर काढतो. कुठून आला ते कळू नये असा तो सूर असतो. कोंबड्या जिथल्या तिथं दबतात किंवा झुडपात पळतात. जमिनीवरून कुत्रा, मांजर, मुंगूस आलं, की मात्र कलकलाट. कक्‌-कक्‌-कक्‌-कऽक! सगळ्या माना ताठ करून आजूबाजूला बघतात. अमेरिकेत क्रिस एव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ साली हे पारखून घेतलं. शिकारी कुठंच नव्हता, नुसते ध्वनिमुद्रित आवाज कोंबड्यांना ऐकवले. तरी पहिल्या आवाजाला त्या दबल्या आणि वर बघू लागल्या, दुसऱ्याला मान उंचावून सभोवार. म्हणजे आवाजात नुसती भीती नव्हती, बातमी होती! आणखी एक गंमत सांगतो. कोंबडा एकटा असला तर ससाणा बघूनही बहुतेकदा गप्प राहतो. जवळ कोंबडी असली, की ओरडतो. मोकळ्या फिरणाऱ्या कळपात एक जाणता कोंबडा हवाच, ही जुन्या माणसांची रीत मला पूर्ण पटते. तो कलकलाट ऐकू आला की तुम्हीही अभ्यास सोडून बाहेर या. मोठं माणूस जाग्यावर दिसलं, की निम्मं संकट माघारी फिरतं.

पण कोंबड्याची ही सगळी विद्या सूर्य बुडेपर्यंतच. अंधार पडला, की कोंबडी जवळजवळ आंधळी. दिवसा ती आपल्याहून जास्त रंग बघते, आपल्याला न दिसणारे अतिनील किरणसुद्धा तिला दिसतात, पण रात्री समोरचं उदमांजर दिसत नाही. रानात ती उंच फांदीवर बसायची. ती फांदी आपण काढून घेतली, तेव्हा रात्रीची जबाबदारी आपली. कोंबड्यांसाठी विकतात ती षटकोनी, पातळ तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. म्हणून आपण अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावली आणि तिची हातभर झालर बाहेरच्या बाजूला जमिनीत पुरली. उकरणारं जनावर भिंतीच्या पायाशी उकरतं, झालर लागली की अडतं. मागं सरकून उकरायचं त्याला सहसा सुचत नाही. आणि अंडी काढताना अंधारात हात घालायचा नाही, आधी बॅटरी. धामण अंड्यांना येते, नागही येतो.

मुंगूस दिवसाचं. आत शिरलं तर खाण्यापुरतं मारून थांबत नाही. म्हणून त्याला मारायचं? मुळीच नाही. तेच आपल्या परसातले उंदीर आणि साप आवरतं, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. फट बुजवणं आपलं काम.

मला खरी काळजी वाटते ती कुत्र्याची. लांडग्याच्या शिकारीत टप्पे असतात: टक लावणं, दबा, पाठलाग, धरणं, मारणं, खाणं. माणसानं कुत्रा पाळला तेव्हा ही साखळी तुटली आणि पुष्कळ कुत्र्यांत अधलेमधले टप्पेच उरले. भुकेशी त्या टप्प्यांचा संबंध राहिला नाही. पोटभर भाकरी खाल्लेला कुत्राही फडफडणाऱ्या कोंबडीमागे धावतो, आणि एका दमात चार लोळवून एकही खात नाही. त्याला दुष्ट म्हणू नका, समोर काही पळालं की त्याच्या अंगात ते जागं होतं. म्हणून कोंबड्यांमागे तुम्ही स्वतःही धावायचं नाही, तुमच्याबरोबर आपला कुत्रा मोतीही धावतो.

मोतीला शिकवायचं कसं, ते नीट ऐका. आधी साखळीवर, मधे जाळी. कोंबडीकडे बघून त्यानं तुमच्याकडे नजर वळवली, की लगेच भाकरीचा तुकडा. ओरडणं नाही, मारणं नाही. काही महिने हे रोज चाललं, की कोंबड्या त्याच्या डोळ्याला सवयीच्या होतात. आणि तरीही माणूस नसताना दोघांना एकत्र सोडायचं नाही. हे मी कधीच सैल होऊ देणार नाही. शिकलेला कुत्रा रात्री राखणीला फार मोलाचा, त्याच्या वासानंच रानमांजर बिचकतं. गावातल्या भटक्या कुत्र्यांसाठी मात्र गडगा आणि त्यावर काटेरी वई, दुसरा उपाय नाही. कोंबडीला कुत्र्याचा दात लागलाच, तर पिसांखालची जखम दिसत नाही. पिसं बाजूला करून बघायचं आणि गुरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं.

राहिली आजीची भाजी. कोंबडीला रोप दिसत नाही, तिला भुसभुशीत माती दिसते. तिथं उकरायचं आणि धुळीत लोळायचं. धुळीनं पिसांवरचं जादा तेल निघतं आणि उवा कमी होतात, म्हणून ती लोळणं सोडणार नाही. आंब्याखाली राख आणि कोरडी माती घालून तिला तिचा खड्डा करून दिलाय, तो पावसात भिजू द्यायचा नाही. कोवळ्या रोपांच्या आळ्यात चिरे मांडायचे, वाफ्यावर जाळी धरायची. पीक निघालं की मात्र तो वाफा खुशाल तिच्या हवाली करा, हुमणीची अळी वेचून देईल. औषध मारलेल्या किंवा खताचे दाणे पडलेल्या जागी तिला पाऊल ठेवू द्यायचं नाही, आणि उंदराचं विष तर आपल्या आवारातच नको.

आपण कोंबड्या दुपारी साडेचारलाच का सोडतो, असं धाकटी रोज विचारते. बहुतेक अंडी दुपारच्या आत घालून होतात, मग झुडपात लपवलेली अंडी शोधत फिरावं लागत नाही. आणि सांज जवळ असली, की त्या लांब जात नाहीत. उजेड उतरला की आपल्या पायांनी परत येतात. न आल्या तर कणीचा डबा वाजवायचा. पण डबा वाजवून फसवायचं नाही, दर वेळी मूठभर कणी टाकायचीच, नाहीतर नेमक्या संकटाच्या वेळी एकही येणार नाही.

आज कडी लावायची पाळी धाकटीची. आधी मोजायचं. एक जरी कमी भरली, तरी उजेड आहे तोवर शोधायला मला हाक मारायची. मोजल्याशिवाय कडी लावायची नाही.