गल्लीतला हिरो मैदानात का अडतो?

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आसपास टेनिस बॉलवर सिक्सर ठोकणारा एक तरी पोरगा असतोच. तोच किटबॅग घेऊन लोकलने मुंबईला कांगा लीग खेळायला जातो आणि दोन ओव्हरींत पॅड सोडतो. हात तेच, नजर तीच. मग?

ताशी 140 किलोमीटरचा चेंडू बॅटपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. पाहून हालचाल सुरू करण्यातच 0.2 सेकंद जातात, बॅट फिरवण्यात जवळपास तेवढेच. विचाराला वेळच कुठे?

म्हणून वरच्या पातळीचा फलंदाज चेंडू सुटण्याआधीच गोलंदाजाचं मनगट, खांदा, धाव वाचू लागतो. चेंडू सुटतानाच व्हिडिओ थांबवला, तरी तो टप्प्याचा अंदाज नवख्यापेक्षा अचूक बांधतो. साध्या नेत्रतपासणीत मात्र दोघांत फारसा फरक दिसत नाही! अंबरनाथ फलाटावरचा रोजचा प्रवासी नाही का, गाडी थांबायच्या आधीच दार येणार तिथे उभा असतो? नवखा मागे धावतो.



1948 साली सुरू झालेली कांगा लीग तर पावसाळी, ओल्या खेळपट्ट्यांची. तिथे टप्पा बरोबर ओळखूनही चेंडू थांबून येतो, आणि मग बॅट अर्ध्यात आवरावी लागते.