द्विराष्ट्रीय म्हणजे नेमके कोणाचे?

दोन देशांनी करार केला की तो द्विपक्षीय. द्विराष्ट्रीय हा शब्द त्याहून वजनदार आहे, त्याचा सैल वापर होऊ नये. द्विपक्षीय व्यवहारात ज्याचे त्याच्याकडे राहते. द्विराष्ट्रीय गोष्टीची मालकीच सामाईक असते.

हा शब्द नावातच मिरवणारी संस्था दक्षिण अमेरिकेत आहे: 'इताइपू बिनासिओनाल'. पाराना नदी ब्राझील आणि पॅराग्वेची सीमा आहे. तिच्यावर धरण बांधण्यासाठी दोघांनी 26 एप्रिल 1973 रोजी करार केला आणि एकट्या कोणाचीच नसलेली संस्था उभी केली. भांडवल निम्मे-निम्मे, संचालक मंडळात जागा सारख्या, महासंचालकही दोन. यंत्रेसुद्धा वाटलेली. प्रत्येकी 700 मेगावॉटच्या 20 संचांपैकी दहा पॅराग्वेसाठी 50 हर्ट्‌झची वीज करतात आणि दहा ब्राझीलसाठी 60 हर्ट्‌झची.

इतकी काटेकोर वाटणी असूनही पॅराग्वेच्या वाट्याला न्याय आला नाही. या छोट्या देशाला आपल्या निम्म्या विजेतली थोडीच लागे. उरलेली तिसऱ्या कोणाला विकण्याची मुभा नव्हती. करारानुसार ती ब्राझीललाच द्यायची. सामाईक विहिरीवरची आपली न वापरलेली पाळी फक्त भावालाच द्यायची आणि मोबदलाही ठरल्याइतकाच घ्यायचा, तसे हे झाले. पॅराग्वेची शिल्लक 50 हर्ट्‌झची, म्हणजे ब्राझीलच्या जाळ्यात न चालणारी. तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून ती सुमारे 800 किलोमीटरवर साओ पाउलोजवळ नेली जाते आणि तिथे 60 हर्ट्‌झची केली जाते. एवढा खटाटोप परवडतो, यावरूनच त्या विजेचे मोल कळावे.

करार झाला तेव्हा दोन्हीकडे लष्करी राजवट होती, जनतेला कोणी विचारले नाही. पुढे पॅराग्वेत इताइपू हा सार्वभौमत्वाचा प्रश्न झाला. फर्नांदो लुगो यांनी 2008 ची अध्यक्षीय निवडणूक लढवताना तो ऐरणीवर आणला. 2009 मध्ये त्यांनी ब्राझीलचे अध्यक्ष लुला यांच्याशी समझोता केला आणि वार्षिक मोबदला 12 कोटी डॉलरवरून 36 कोटींवर नेण्याचे ठरले. समान मालकीला समान व्यवहाराची जोड हवी, ही पॅराग्वेची मागणी मला पूर्ण रास्त वाटते.

2023 मध्ये धरणाचे कर्ज फिटले. त्याच वर्षी कराराला पन्नास वर्षे झाली आणि दर ठरवणारे परिशिष्ट फेरविचारासाठी खुले झाले.