आपण सांगितलेलं पुढे कुठे जातं?



ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यात कॉलेजं भरपूर. त्यामुळे शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या बचत गटांत कुणी ना कुणी फॉर्म घेऊन येतच असतं. कधी समाजकार्य शिकणाऱ्या मुली, कधी पीएचडी करणाऱ्या मॅडम. सुरुवातीचे प्रश्न सोपे असतात. घरात माणसं किती, कर्ज किती, शेत किती. मग हळूच पाळीचं विचारतात, गर्भपिशवीचं विचारतात, नवरा हात उगारतो का, संबंधाला नाही म्हणता येतं का, इथवर येतात. आपण सांगतो, चहा पाजतो, त्या निघून जातात. पुढे त्या सांगण्याचं होतं काय? गटातल्या बायका आम्हाला हे विचारतात, म्हणून आज त्याविषयीच बोलू.

अशा माहितीवरून लिहितात त्याला शोधनिबंध म्हणतात आणि तो छापून येतो जर्नलमध्ये. जर्नल म्हणजे एक प्रकारचं मासिक किंवा त्रैमासिकच, पण दुसऱ्या जाणकारांनी तपासून दिलेलं लिखाणच त्यात छापतात. डॉक्टरांची जर्नलं वेगळी, शेतीची वेगळी. बाई-पुरुष भेद, शरीर, लैंगिकता या विषयांचीही आहेत. दिल्लीहून 'इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज' १९९४ पासून निघतं. आपल्या मुंबईतलं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' बायकांच्या प्रश्नांवरच्या लेखांचा खास विभाग काढतं. मराठीत 'समाज प्रबोधन पत्रिका' आहे, पण बहुतेक कारभार इंग्रजीत. ज्यांच्यावर लिहिलं त्यांनाच ते वाचता येत नाही, हे आम्हाला काही पटत नाही.

तरीही या छापण्याला किंमत आहे. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. नुसते प्रश्न विचारले नाहीत, आतून तपासलं, प्रयोगशाळेत नमुने पाहिले. १०० पैकी ९२ बायकांना अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग, पाळीचे त्रास असा एखादा तरी आजार निघाला. एकेकीला सरासरी तीनाहून जास्त. आणि आधी कधी तपासून उपचार घेतलेल्या होत्या १०० पैकी फक्त ८. काहीच त्रास नाही म्हणणाऱ्याही त्यांत पुष्कळ होत्या, म्हणजे दुखणं अंगवळणी पडलेलं. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय जर्नलात हा निबंध छापून आला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावरच सरकारी योजना थांबत. त्यापलीकडेही बाईला शरीर आहे, हे आकड्यांनिशी जगापुढे गेलं. ते आकडे त्या ६५० जणींनी दिले होते.

आता निबंध जातो कसा ते बघू. लिहिणारी दोन कागद वेगवेगळे पाठवते. एकावर तिचं नाव, कॉलेज, पत्ता. दुसरा निबंधाचा, त्यावर नाव नाही. दहावीच्या पेपरवर आपली मुलं फक्त बैठक क्रमांक टाकतात ना, तसंच. संपादक आधी स्वतः चाळतात. विषय जर्नलला साजेसा नसेल तर तिथूनच परत. बरा वाटला तर दोन-तीन जाणकारांकडे जातो. तपासणाऱ्याला लिहिणारी कोण ते कळत नाही, लिहिणारीला तपासणारा कोण ते कळत नाही. ओळखीपाळखीवर काम होऊ नये म्हणून ही सोय. मग उत्तर येतं: नाकारला, किंवा या या त्रुटी दूर करून पुन्हा पाठवा. बँकेत कर्जाचा प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो, तसंच हे. एकदम छापायला घेतला असं क्वचितच होतं. एका जर्नलकडून उत्तर येईपर्यंत तोच निबंध दुसरीकडे पाठवायचा नसतो. या सगळ्यात महिने जातात, कधी वर्षही उलटतं. तेव्हा फॉर्म भरून सहा महिने झाले आणि काही आलं नाही, म्हणून ती मुलगी फसवून गेली असं लगेच समजू नका.

मात्र विचारायचं ते आधीच विचारा. माणसांची खाजगी माहिती घेऊन केलेल्या अभ्यासाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे हे काम माणसांना इजा न करता होतंय ना हे बघणाऱ्या समितीची मंजुरी होती का, हे चांगली जर्नलं विचारतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली आरोग्याच्या संशोधनासाठी नियमावली काढली. त्यात स्पष्ट आहे की आपल्याला समजेल अशा भाषेत सगळं सांगून संमती घ्यायची, आणि मधेच नको वाटलं तर बाई अभ्यासातून बाहेर पडू शकते. त्यासाठी कारण देण्याची गरज नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. संशोधन करणारी बाई आमच्याबरोबर गटात आली, तरी तिला उत्तर देण्याचा आणि तुमच्या कर्जाचा काडीचा संबंध नाही. नाही म्हणालात म्हणून कुणाचा हप्ता अडत नाही की फाइल थांबत नाही. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सासूसमोर विचारत असेल, तर तिथेच थांबवा. मोबाइलवर रेकॉर्ड करत असेल तर आधी विचारायला हवं.

नावाचं तर फारच जपायचं. 'नाव बदलू' एवढ्यावर भागत नाही. चाळीस घरांच्या पाड्यात 'तीन मुलींची आई, अंगणवाडीत मदतनीस, नवरा रिक्षा चालवतो' असं लिहिलं, की नाव कशाला हवं? सगळा पाडा ओळखतो. म्हणून गावाचं नाव, काम, मुलांची संख्या यांतलं काय लिहिणार आणि काय झाकणार, ते स्पष्ट विचारून घ्या. जाणकार संशोधक याचा राग धरत नाही.

आपल्या मुलीही आता एमए, पीएचडीपर्यंत जातात. त्यांना ईमेल येतात, इतके पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून देतो. आठ दिवसांत कुणी तपासत नाही, ते फक्त पैसे घेतात. फी घेणारी खरी जर्नलंही आहेत, पण ती आधी तपासतात आणि मग पैशाचं बोलतात. गाईडला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका, एवढं मुलीला सांगून ठेवा.

आणि लिहिणं हे काही परक्यांचंच काम नाही. आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या, जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे अमेरिकेत डॉक्टरी शिकल्या आणि १८८६ मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आपल्याकडच्या हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर. अलीकडचं सांगायचं तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, १९८९ मध्ये. विद्यापीठातल्या नोकरीवाचून केलेलं हे काम आज विद्यापीठांत अभ्यासतात. २००८ मध्ये ते इंग्रजीतही आलं.

तर यापुढे गटात कुणी फॉर्म घेऊन आलं, की इतिवृत्ताच्या वहीत त्या दिवसाखाली तिचं नाव, कॉलेज, गाईडचं नाव आणि फोन लिहून घ्या. संमतीपत्राची एक प्रत आपल्याकडे ठेवा. निबंध छापून आल्यावर त्यातलं मुख्य काय ते मराठीत दोन पानांवर लिहून गटाला वाचून दाखवायचं, हेही तेव्हाच कबूल करून घ्या आणि वहीत तिची सही घ्या.