पुतण्याची वही आणि आमची पंगत

संगणकावर काम करणाऱ्या तरुणांविषयीं आमचें मत फारसें चांगलें नव्हतें, हें आरंभींच कबूल करणें बरें. आमचा पुतण्या हिंजवडीच्या एका कंपनींत आज्ञावली लिहितो. २०२० च्या टाळेबंदीपासून आठवड्यांतले कांहीं दिवस कचेरी, बाकीचे घरूनच. पगार आमच्या पेन्शनीच्या कित्येक पट. पण वर्षांतून आठ महिने पंगतीला त्याचें पान रिकामें, आणि कानांत सदा तें यंत्र. असें पोर वाचणार काय आणि देशाचा विचार करणार काय, अशी आमची पक्की समजूत. १२ मे २०२४ रोजीं, पुण्याच्या मतदानाच्या आदल्या रात्रीं, रविवार म्हणून तो पानावर होता. बोलतां बोलतां म्हणाला, "काका, मत द्यायचा उत्साहच उरला नाहीं." आम्हीं त्यास सर्वांदेखत आळशी व कर्तव्यशून्य म्हटलें. कायद्यानें पगारी सुटी मिळते ती काय झोपण्यासाठीं, असेंही विचारलें. तेव्हांपासून आमचें बोलणें कामापुरतेंच राहिलें.

गेल्या फाल्गुनांत तो एक निळी वही आमच्या झोपाळ्यावर ठेवून गेला. "थोरले काका, सवड झाली तर वाचा," एवढेंच म्हणाला.

वही म्हणजे रोजनिशी नव्हे. कंपनीच्या बसमध्यें मनांत येईल तें लिहिलेलें. एका पानावर हिंजवडीच्या वाटेवरील गाड्यांची रांग, दुसऱ्यावर आईच्या हातची आमटी, त्याखालीं चार ओळी राजकारणाच्या. फ्रान्सांत माँतेन यानें न्यायसभेंतील पद सोडून मनोऱ्यांत बसून असेंच स्वैर लेखन केलें व १५८० सालीं तें प्रसिद्ध केलें. आपल्याकडे फडके, खांडेकर, काणेकर यांनीं लघुनिबंधाला रूप दिलें. पुतण्याला मनोरा मिळालेला नाहीं, बसची खिडकी मिळाली आहे. शुद्धलेखन मात्र दयनीय. 'पाठभेद' हा शब्द त्यानें 'पाटभेद' असा लिहिला होता, तो आम्हीं सवयीनें लाल शाईनें दुरुस्त केला.

परंतु घड्याळावरचीं पानें वाचतांना आमची लेखणी थांबली. त्याचें गिऱ्हाईक न्यूयॉर्कचें. तेथें सकाळीं अकराला बैठक भरते. मार्चच्या दुसऱ्या रविवारीं अमेरिकन लोक आपलीं घड्याळें एक तास पुढें करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं पुन्हां मागें घेतात. त्यामुळें ती बैठक पुण्यांत हिवाळ्यांत रात्रीं साडेनऊला येते, आणि उरलेले आठ महिने साडेआठला. आमची पंगत वडिलांच्या वेळेपासून बरोबर साडेआठाची! मुलगा इतके महिने कां नसतो, हें आम्हीं त्यास एकदांही विचारलें नव्हतें.

पुढें त्यानें मुंबईवेळेची हकीकत लिहिली आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटें मागें. लोकांनीं विरोध केला, आणि नगरपालिकेनें आपली मुंबईवेळ १९५५ पर्यंत टिकवून धरली. घड्याळ कोणीं लावावें हा राजकारणाचाच प्रश्न, असें त्याचें म्हणणें, आणि तें आम्हांस पटतें. मात्र त्याच पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत होतें: 'आमच्या घरींही एक नगरपालिका आहे.' वाचून हंसूं आलें, आणि लागलेंही.

राजकारणाच्या ओळी थोड्या. २०२२ व २०२३ मध्यें महाराष्ट्रांतील दोन पक्ष दुभंगले. ज्या चिन्हाकडे पाहून मत दिलें तेंच दुसऱ्याच्या हातीं गेलें, तर मतदारानें जाब कोणास विचारावा, एवढाच त्याचा प्रश्न. त्यास आमच्यापाशीं आजही नीट उत्तर नाहीं. त्याखालीं १३ मेची नोंद होती. सकाळीं सातला, घरांतील मंडळी उठण्यापूर्वींच, तो मत देऊन आला होता. बोटावरची शाई आम्हांस दिसली नाहीं. ती दिसण्यासाठीं त्याच्याकडे पाहावें लागलें असतें.

वाचनाविषयीं तर आम्ही साफ चुकलों होतों. इरावती कर्वे यांचें 'युगान्त' त्यानें बसमध्यें दोनदां वाचलें. तेथून तो भांडारकर संस्थेच्या महाभारताकडे वळला. १९१९ ते १९६६ एवढा काळ चाललेलें तें काम, हजारांहून अधिक हस्तलिखितें ताडून पाठ ठरविलेला. पुतण्या लिहितो कीं, आम्हीही हेंच करतों. आज्ञावलींत दोष शिरला म्हणजे जुनी प्रत व नवी प्रत ओळीनें ओळ ताडतों आणि कोणत्या हातानें काय घुसडलें तें शोधतों. उपमा सुरेख आहे. आमची एवढीच पुरवणी कीं, यंत्र फरक दाखवितें. त्यांतला मूळ पाठ कोणता, हें ठरवायला सुकथनकरांसारखा पंडित लागतो. वहीच्या समासांत तसें लिहून ठेवलें.

मार्चच्या त्या दुसऱ्या रविवारीं आम्हीं घरांत सांगितलें कीं, उद्यांपासून पानें पावणेआठाला मांडावीं. धाकट्या भावजयीनें नवऱ्याकडे पाहिलें, मग दोनदां विचारून खात्री करून घेतली. सोमवारीं पुतण्या वेळेवर पानावर बसला. आमटी घाईनें जरा पातळ झाली होती. 'युगान्ता'तील गांधारीवरून आमचा व त्याचा मतभेद निघाला आणि आवाज चढले. शेवटीं सव्वाआठ वाजून गेल्याचें त्याच्या आईलाच सांगावें लागलें.