झेंडूच्या मुळाशी बायोटेक

दसरा-दिवाळीला कोल्हापूरच्या बाजारात झेंडू, अ‍ॅस्टर आणि गलांड्याचे ढीग लागतात. हार-तोरणांच्या या फुलझाडांना शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांनी भलत्याच कामाला जुंपलं. प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मातीच्या वाफ्यांवर ती लावली आणि त्यांना कापडउद्योगाचं रंगीत सांडपाणी दिलं. पाण्यातला रंग उतरत गेला. हे काम २०१८ मध्ये ‘केमोस्फिअर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

यात जादू नाही. कापडाच्या अझो रंगांमध्ये नायट्रोजनच्या दोन अणूंची घट्ट जोडी असते. ऊन आणि साबण तिला सहजासहजी दाद देत नाहीत, म्हणून कापड विटत नाही आणि त्याच कारणानं सांडपाण्यातला रंगही हटत नाही. झाडांच्या मुळांमधली लॅकेज, लिग्निन पेरॉक्सिडेज यांसारखी विकरं मात्र अशा रंगांचे रेणू मोडतात. इचलकरंजीचे माग आणि पंचगंगेचं पाणी ज्यांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे, त्यांना या संशोधनाचं मोल वेगळं सांगायला नको.

बारावीनंतर बायोटेक घ्यावं का, असं विचारणाऱ्या घरात मात्र अशी उदाहरणं क्वचितच पोचतात. तिथे चर्चा असते ती डॉली मेंढीची, नाहीतर पुण्यात १९६६ साली सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशींची. लसनिर्मितीत नोकऱ्या आहेतच, पण जैवतंत्रज्ञान तेवढ्यावर संपत नाही.

आपला ऊसच घ्या. टिपरी लावून ऊस वाढवायचा म्हणजे आधीच्या पिकातला रोगही बेण्याबरोबर पुढच्या रानात जायचा. गवताळ वाढीनं फड कसा वाया जातो ते शेतकरी जाणतो. ऊतीसंवर्धनात उसाच्या शेंड्याचा अगदी बारीक, सहसा रोग न पोचलेला भाग घेऊन काचेच्या बाटलीत पोषक माध्यमावर रोपं तयार करतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये हे काम चालतं. अशा रोपांपासून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित बेणं पायरीपायरीनं वाढवलं जातं. ऊतीसंवर्धनात महाराष्ट्राचा लौकिक जुना आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि ए. एफ. मस्कारेन्हास यांनी बांबूला बाटलीतच फुलं आणली आणि १९९० मध्ये ‘नेचर’नं ते छापलं. रानात जे व्हायला कित्येक बांबूंना दशकं लागतात, ते इथे काही महिन्यांत घडलं!

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीचं इथेनॉल करणारं यीस्ट हेही याच विषयातलं. दूध संघाची गुणवत्ता तपासणारी प्रयोगशाळा, जिवाणू खतं, औषध कंपन्यांमधलं उत्पादन आणि गुणवत्ता नियंत्रण, जनुकांची माहिती संगणकावर चाळणारं जैवमाहितीशास्त्र, अशी ही यादी बरीच लांबवता येते.

शिक्षणाच्या वाटाही अनेक आहेत. गोकुळ शिरगावच्या केआयटी महाविद्यालयात बी.टेक. करता येतं, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं साहाय्य असलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी, आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम आणि पीएच.डी.च्या वाटेवर सीएसआयआर-नेट या परीक्षा महत्त्वाच्या. नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. स्वतःचं काही सुरू करायचं असेल, तर २०१२ मध्ये स्थापन झालेल्या बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘बिग’ ही योजना नव्या कल्पनेला ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते.

आता कटू भाग. नुसत्या बी.एस्सी. बायोटेकवर चांगला पगार मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. त्या पातळीवर सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि बी.फार्म.वाले त्याच जागांसाठी रांगेत असतात. या विषयात किंमत आहे ती खोलीला आणि हाताच्या सवयीला. पाच-सात वर्षं शिकण्याची तयारी आणि घरची तेवढी सोय नसेल, तर दुसरा मार्ग धरण्यात कमीपणा नाही. छात्रवृत्त्यांनी भार हलका होतो, पण त्या सगळ्यांना मिळत नाहीत.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पालकांनी मुलांना घेऊन महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहावी. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र कोण वापरतं, ऊतीसंवर्धनाच्या बाटल्या विद्यार्थी स्वतः भरतात की शिक्षक लांबून दाखवतात, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कुठे होतो, हे तिथल्याच मुलांना विचारावं. उत्तरं देताना ती अडखळली, तर दुसरं महाविद्यालय बघावं.