डुमनाचे रान आणि खंदारीचे पाणी

जबलपूरचे नाव निघाले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधारचा धबधबा डोळ्यांपुढे उभा राहतो. बाहेरून येणारा पाहुणा बहुधा तेवढेच पाहून परततो. शहराच्या पूर्वेस, विमानतळाकडे जाणाऱ्या वाटेवर, सुमारे दहा किलोमीटर अंतरावर डुमनाचे रान आहे. ज्यांना दाखवण्याजोगे काही तरी हवे असते त्यांची तेथे थोडी निराशाच होते. कडे नाहीत, धबधबा नाही, देऊळही नाही. पानगळीचे साधे जंगल, त्यातून गेलेल्या मातीच्या वाटा आणि मध्यभागी खंदारीचा शांत जलाशय, एवढाच तेथील ऐवज.

समुद्र जबलपूरपासून शेकडो मैल दूर आहे. या गावाला किनारा म्हणून जो ठाऊक आहे तो नर्मदेचा आणि तळ्यांचा. तळ्यांविषयी तर गावाला मोठाच अभिमान. गोंड राजांच्या काळापासून येथे बावन ताल होते असे परंपरा सांगते. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचा, ही माहिती येथील शाळकरी मुलांनाही असते. राणी १५६४ मध्ये रणांगणावर पडली. तिच्या नावाचे तळे मात्र लोकांच्या बोलण्यात राहिले. बोलण्यातच राहिले, असे म्हणावयाचे कारण असे की या बावनांपैकी कित्येक ताल पुढे गाळाने भरले, कित्येकांवर घरे उठली. चेरीताल म्हटले की आज टपालाचा पत्ता आठवतो, पाणी आठवत नाही.

खंदारीचे तसे झाले नाही, आणि ते का झाले नाही हे समजून घेण्यासारखे आहे. हा जलाशय राजाने बांधलेला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, जबलपूर ही लष्करी छावणी आणि रेल्वेचे मोठे ठाणे म्हणून वाढत असता, शहराला नळाचे पाणी देण्यासाठी इंग्रजी अमदानीत येथे बांध घालण्यात आला. अभियंत्यांनी बांधाबरोबर त्याच्या वरचा उतारही विचारात घेतला. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत येऊन तलावात जमतो, त्या जमिनीला पाणलोट म्हणतात. तलावाचे आयुष्य ठरते ते या पाणलोटावर.

उघड्या उतारावर पावसाचा थेंब आदळतो तेव्हा तो मातीचा कण सैल करतो. असे असंख्य कण ओहोळाबरोबर निघतात आणि संथ पाण्यात येताच तळाशी बसतात. वर्षानुवर्षे हा गाळ साचत गेला की बांधाची उंची तीच राहते, पण पाणी साठवण्याची जागा कमी होत जाते. उतारावर झाडी असेल तर थेंबाचा पहिला मार पाने सोसतात. खाली पडलेला पालापाचोळा उरलेला जोर मोडतो. मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत पाणी मुरते आणि पाऊस थांबल्यावरही पाझराच्या रूपाने तलावाकडे सरकत राहते. मालवणजवळ देवबाग येथे एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. ती पट्टी लाटांचा मारा आपल्या अंगावर घेते म्हणून आतली खाडी शांत राहते. डुमनाचे रान खंदारीसाठी हेच करते. फरक इतकाच की येथे लाटा पावसाच्या आणि गाळाच्या आहेत.

म्हणून हे रान राखले गेले. पळसावर किंवा चितळावर कोणाचे प्रेम जडले म्हणून नव्हे, नळाला स्वच्छ पाणी यावे म्हणून. मुंबईतही हेच घडले आहे. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव यांच्या पाणलोटाचे रक्षण झाले, आणि त्या राखीव भूमीभोवतीच पुढे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आकारास आले. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे ते वन महानगराच्या मध्यात बिबट्यांना जागा देते. डुमनाचे क्षेत्र १०५८ हेक्टर, म्हणजे त्याच्या एकदशांश. पण ज्याच्या हाती नळाच्या पाण्याची व्यवस्था, त्या महानगरपालिकेच्याच हाती हे रानही आहे, हा योग विशेष म्हटला पाहिजे.

येथे जावयाचे तर सकाळी लवकर, आणि शक्य तो पायी किंवा सायकलने. चितळांचे कळप सहज दिसतात. वानरे झाडावरून पाला, फळे टाकतात आणि चितळे ती खाली वेचतात. धोका दिसताच वरून वानराने इशारा द्यावा आणि खालच्या कळपाने कान टवकारावे, असा हा दोघांचा शेजारधर्म आहे. रानडुक्कर आणि कोल्हा यांच्या पाऊलखुणा, साळिंदराचा एखादा गळालेला काटा, हे पाहण्यासाठी नजर जमिनीवर ठेवावी लागते. बिबट्याचाही वावर आहे. तेव्हा सांज होण्यापूर्वी परतावे आणि वाट सोडू नये हे बरे. पक्ष्यांसाठी मात्र काठावर बसून राहण्याखेरीज दुसरा उपाय नाही. पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला असतो, बगळा तासभर हलत नाही. गप्पांचा आवाज चढला की दोघेही उठून पलीकडच्या काठाला जातात.

मुलांसाठी छोटी आगगाडी, बोटी, उपाहारगृह अशी साधनेही या उद्यानात आणण्यात आली. लोकांनी रानाशी ओळख करून घ्यावी तर त्यांना बोलवावेच लागते, हे खरे. परंतु करमणुकीची जागा आणि पाणलोट या दोहोंच्या गरजा एक नाहीत. फरसबंदी जमीन पाणी मुरू देत नाही, आणि रात्रीचा झगझगीत प्रकाश श्वापदांना मानवत नाही. रानाबाहेरचा शेजारही बदलत आहे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या माहिती तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेचे आवार याच रस्त्यावर आहे, आणि डुमना विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. शहराला या गोष्टी हव्यातच. मात्र रस्ता रुंदावला की दोन्ही कडांच्या जमिनीचा भाव चढतो, आणि भाव चढलेल्या जमिनीवर नुसती झाडे उभी असणे पुष्कळांना अपव्यय वाटू लागते. त्यातच जबलपूरचे बहुतेक पाणी आता नर्मदेवरून उचलून आणले जाते. खंदारीवाचून शहर तहानेने व्याकुळ होईल अशी स्थिती उरलेली नाही. ज्या गरजेने हे रान सव्वाशेहून अधिक वर्षे राखले, तीच गरज सैल पडत चालली आहे.

नर्मदेचे पाणी पंपांनी चढवावे लागते. खंदारीत ते उतारावरून आपण होऊन येते. मे महिन्याच्या अखेरीस जलाशय आक्रसतो, काठाचा चिखल भेगाळतो आणि त्यावर चितळांच्या खुरांचे ठसे दूरवर उमटलेले दिसतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी रानातल्या ओहोळांजवळ जाऊन पाहावे. झाडीतून येणाऱ्या ओहोळाचे पाणी पाल्याच्या अर्काने किंचित तपकिरी, पण नितळ असते. उघड्या माळावरून, खोदकामाच्या जागेवरून येणारे तांबडे, गढूळ असते. दोन्ही एकाच तलावाकडे जात असतात.