बिनलग्नाचा म्हणून का कमी लेखावा?

गेल्या ईस्टरनंतर खानापूर तालुक्यातील एका लग्नघरी आम्ही गेलो होतो. मांडव घालण्यापासून पाण्याची पिंपे भरण्यापर्यंत प्रत्येक कामात एक गृहस्थ पुढे होते. वय चाळिशीच्या पलीकडचे. वडील अकाली वारल्यामुळे त्यांनीच दोन बहिणींची लग्ने लावून दिली, धाकट्या भावाला शिकवून नोकरीस लावले आणि आज अंथरुणास खिळलेल्या आईची शुश्रूषा तेच करीत आहेत. या सर्व धावपळीत स्वतःचे लग्न तेवढे राहून गेले. पंगत बसली असता एक वयस्क बाई त्यांना मोठ्याने म्हणाल्या, "दुसऱ्याचे मांडव किती दिवस घालतोस रे बाबा? तुझा मांडव कधी पडायचा?" सारी पंगत हसली. तेही हसले. परंतु पुढच्या वाढपाला ते आले नाहीत. परसात भांड्यांच्या राशीपाशी एकटेच उभे असलेले ते आम्हांस दिसले.

त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हते, हे आम्ही जाणतो. पण वाईट हेतू नसतानाही आपण माणसाचे मन किती सहज दुखावतो, याचाच विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

अविवाहित पुरुषासंबंधी आपण काही ठरीव समजुती बाळगून बसलो आहोत. त्याने लग्नाची इच्छा दाखविली तर तो गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. न दाखविली तर त्याच्यात काहीतरी खोट असली पाहिजे. पैसा खर्च केला तर सडाफटिंग उधळ्या, जपून ठेवला तर "कोणासाठी साठवतो?" असा प्रश्न. घरात वाटणीची गोष्ट निघाली की "त्याला काय, एकटा जीव सदाशिव!" म्हणून त्याचा वाटा लहान होतो, आणि गावच्या बैठकीत तो चार शब्द बोलू लागला की "याला संसाराचे काय कळते?" म्हणून त्याचे तोंड बंद केले जाते. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला भाऊ केवळ विवाहित म्हणून कर्ता ठरतो, आणि हा मात्र केस पांढरे झाले तरी पोरच राहतो.

लग्न न होणे हा त्या पुरुषाचा दोष असतो काय? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ वर आल्या. गर्भलिंग तपासणीस प्रतिबंध करणारा कायदा १९९४ साली झाला असतानाही ही घट झाली. २००१ साली मोजलेली ती मुले आज लग्नाच्या वयाची आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेले व या कायद्याची नीट अंमलबजावणी व्हावी अशी मागणी त्यांनी केली. पुढच्याच फेब्रुवारीत कर्नाटकातील मंड्या भागातील अविवाहित शेतकरी तरुण वधू मिळावी म्हणून महादेश्वराच्या डोंगरापर्यंत पायी गेले. वर्तमानपत्रे वाचून पुष्कळांना हसू आले. आम्हांस आले नाही. ज्या मुली आपल्या समाजाने जन्मूच दिल्या नाहीत, त्यांच्या अभावाचा दोष या तरुणांच्या माथी मारणे हा अन्याय नव्हे काय? त्याखेरीज कोणाची शेती कोरडवाहू, कोणाची नोकरी कच्ची, कोणावर भावंडांचा भार. आणि कोणी आपल्या विचाराने एकटा राहिलेला. कारणे नाना आहेत, आपण मात्र सर्वांना एकच शिक्का मारतो.

या शिक्क्याचे परिणाम मोठे आहेत. माणसाला वर्षानुवर्षे "तू अर्धा आहेस" असे ऐकविले तर अखेरीस त्यालाही ते खरे वाटू लागते. मग तो लग्नसमारंभ टाळतो, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो, आणि एखादा संध्याकाळी दारूच्या दुकानाची वाट धरतो. याहून वाईट म्हणजे "लग्न केले की सुधारेल" म्हणून व्यसनी मुलाच्या गळ्यात घाईने कोणाची तरी निष्पाप लेक बांधली जाते. पत्नी ही पुरुषाच्या प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र नव्हे, की त्याच्या आजाराचे औषधही नव्हे.

आपण कॅथलिक लोकांनी तर हे अधिक समजावयास हवे. आपला प्रभू अविवाहित होता. संत पौल एकटा होता, आणि करिंथकरांस लिहिताना त्याने आपल्या स्थितीची लाज बाळगली नाही. धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याचा आपण मान राखतो. मग तेच एकटेपण शेजाऱ्याच्या वाट्यास आले की त्याची थट्टा का करतो? एकाने व्रत घेतले आहे, दुसऱ्यावर परिस्थिती आली आहे, हा भेद खरा. पण देवाने दिलेली किंमत दोघांची सारखीच आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही, अनेकजण स्वतःच्या इच्छेविरुद्ध अविवाहित राहतात याची दखल घेऊन, त्यांच्यासाठी आपल्या घरांची दारे उघडी असावीत असे शिकविले आहे.

या ठिकाणी एका शिंप्याची आठवण होते. यान तिरानोवस्की हे पोलंडमधील क्राकोव शहरी राहत. त्यांनी लग्न केले नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तेथील धर्मगुरूंना पकडून नेले, तेव्हा या शिंप्याने आपल्या लहानशा खोलीत तरुणांना जमवून प्रार्थनेचे शिक्षण दिले. त्या तरुणांत कारोल वोयतिवा नावाचा एक कामगार होता. तोच १९७८ साली पोप दुसरे जॉन पॉल झाला. शिंपी १९४७ सालीच वारले होते. २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. त्यांच्या शेजाऱ्यांपैकी कोणी "याला संसाराचे काय कळते?" असे म्हटले असेल, तर ते किती चुकले!

तेव्हा आपण काय करावे? भरल्या पंगतीत कोणाला लग्नाचा प्रश्न विचारू नये. घरच्या निर्णयात अविवाहित भावाचे मत विवाहित भावाइतकेच मानावे, आणि वाटणीत त्याचा हक्क डावलू नये. नाताळच्या रात्री त्याच्या दाराशी फराळाचे ताट पाठवून न थांबता त्याला आपल्या ताटाशेजारी बसवावे. बाळाच्या बाप्तिस्म्यास धर्मपिता म्हणून त्याचा विचार करावा. त्याच्या म्हातारपणी औषधपाणी कोण करील, हे भाच्या-पुतण्यांनी आजच ठरवावे. कारण त्यांच्या बालपणी त्याने तसे कधी विचारले नव्हते.

आणि जे बंधू एकटे आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे: लग्नाची इच्छा असेल तर ती धरण्यात लाज नाही, आणि लग्न न होण्यातही नाही. लोकांच्या हसण्यावर आपले मोल ठरवू नका.

त्या दिवशी परसात उभ्या असलेल्या गृहस्थांकडे यजमानांची म्हातारी आई काठी टेकीत गेली. "चल बाळा, माझ्या पानावर बस," असे म्हणून तिने त्यांचा हात धरला. पंगतीत पुन्हा कोणी हसले नाही. आपल्या प्रत्येक मांडवात अशी एक तरी म्हातारी असावी, हीच आमची प्रार्थना.